गांजावालं ड्रिंक पिणार असाल तर आधी हे नीट वाचा

लोक सगळ्यात जास्त कशाने फसतात तर दुसऱ्या कॅनने. पहिला संपतो, अर्धा तास होतो, काहीच वाटत नाही, मग "छे, यात काही दमच नाही" म्हणून दुसरा उघडला जातो आणि तो संपत आला की पहिला चढायला लागतो, आणि आता दोन्ही पोटात आहेत, बाहेर काढता येत नाहीत. त्यामुळे बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल पण एवढं ठेवा, हे ड्रिंक तहानेच्या वेगाने प्यायचं नसतं, आणि मोजायचे ते ग्लास नाहीत, मिलिग्रॅम मोजायचे.

हे सगळं जिथे ही पेयं कायदेशीर आहेत तिथे राहणाऱ्या सज्ञान लोकांसाठी लिहितेय. जिथे बंदी आहे तिथे चोरून मिळालेल्या बाटलीत नक्की काय आणि किती आहे हे कोणीच सांगू शकत नाही, तिच्या वाटेला जाऊच नका.

आधी उशीर का होतो ते समजून घ्या कारण ते कळलं की अर्धी घाई आपोआप जाते. नशा आणतो तो टीएचसी, आणि तो तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून कंपन्या त्याचे अगदी बारीक थेंब करून पाण्यात मिसळतात, त्याला नॅनोइमल्शन म्हणतात. थेंब बारीक असले की शरीरात लवकर जातात त्यामुळे अशी ड्रिंक्स काही जणांना १५ ते ३० मिनिटांत जाणवायला लागतात. पण सगळी ड्रिंक्स तशी नसतात, आणि घरी तेलातुपातून उतरवून केलेलं असेल तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीही लागू शकतं, पोट भरलेलं असेल तर अजून उशीर. जोर साधारण दोन ते चार तासांच्या दरम्यान असतो आणि पूर्ण उतरायला सहा-आठ तास, कधी कधी त्याहून जास्त. डब्यावर "फास्ट ॲक्टिंग" लिहिलंय म्हणून तुमच्या पोटाने ते ऐकलंच पाहिजे असं काही नाही.

आणि हो, जे लोक वर्षानुवर्षं गांजा ओढतात त्यांनी तर जास्त सांभाळावं. ओढलेला गांजा फुफ्फुसातून सरळ रक्तात जातो, काही मिनिटांत कळतं, बास झालं की थांबता येतं. प्यायलेला आधी यकृतातून जातो, तिथे टीएचसीपासून ११-हायड्रॉक्सी-टीएचसी तयार होतो आणि हा मेंदूत सहज शिरतो, त्याची नशाही जड असते. म्हणजे "मला सवय आहे" हे वाक्य इथे फारसं कामाचं नाही.

आता कॅन हातात घ्या आणि लेबल वाचा, समोरचं रंगीत नाही, मागचं बारीक अक्षरातलं. तीन गोष्टी बघायच्या. एक, टीएचसी किती मिलिग्रॅम. दोन, हा आकडा अख्ख्या डब्याचा आहे की एका सर्व्हिंगचा, कारण खरा घोळ इथेच होतो. कॅनडात एका पॅकेजमध्ये १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी घालायला परवानगी नाही, त्यामुळे तिथला माणूस अख्खा कॅन प्यायला तरी जास्तीत जास्त तेवढंच. पण अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एक सर्व्हिंग १० मिलिग्रॅमचं आणि बाटलीत मिळून १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे दिसायला सरबताची छोटी बाटली आणि आत दहा जणांचा डोस. एका ठिकाणची सवय घेऊन दुसरीकडे गेलात तर हमखास गडबड. तीन, बॅच नंबर आणि लॅब रिपोर्ट. चांगल्या कंपन्या क्यूआर कोड देतात, तो स्कॅन केला की त्याच बॅचचा रिपोर्ट उघडला पाहिजे, त्यात टीएचसी किती, कीटकनाशकं, जड धातू, बुरशी हे सगळं तपासलेलं असतं. कोड कंपनीच्या होमपेजवरच जाऊन थांबत असेल किंवा बॅच जुळत नसेल तर तो कॅन परत ठेवा.

डेल्टा-८ (टीएचसीचाच एक भाऊबंद, त्यानेही नशा होते) लिहिलेलं ड्रिंक दिसलं तर मी तरी घेऊ नका म्हणेन. ते बहुतेक वेळा सीबीडीवर, म्हणजे गांजाच्या झाडातल्या नशा न आणणाऱ्या घटकावर, रासायनिक प्रक्रिया करून बनवतात, त्यात भलतेच पदार्थ उरू शकतात, अमेरिकेच्या एफडीएनेही, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनेही, त्याबद्दल लोकांना सावध केलेलं आहे.

आता किती घ्यायचं. पहिल्यांदाच घेत असाल तर १ ते २.५ मिलिग्रॅम, त्याच्या वर नाही. अमेरिकेतल्या संशोधनासाठी २०२१ मध्ये टीएचसीचं एक प्रमाण युनिट ठरवलं गेलं ते ५ मिलिग्रॅमचं, म्हणजे नवख्या माणसाने त्याच्याही अर्ध्यावर थांबायचं. समजा ३५५ मिलिलिटरचा कॅन आहे आणि त्यात १० मिलिग्रॅम टीएचसी. उघडायच्या आधी तो हळूच दोन-चार वेळा उलटा-सुलटा करा, जोरात हलवू नका नाहीतर गॅस उसळेल, पण उलटवा नक्की कारण ठेवून ठेवून थेंब एका जागी जमू शकतात आणि मग शेवटच्या घोटात जास्त जातं. मग मेजरिंग कपाने साधारण ९० मिलिलिटर ओता, ते झालं अडीच मिलिग्रॅम. अंदाजपंचे "थोडंसं" ओतू नका, कपाने मोजा. घड्याळात वेळ बघून फोनवर टाइप करून ठेवा, किती घेतलं आणि किती वाजता, कारण नंतर टीएचसीमुळे वेळेचा अंदाजच बिघडतो, दहा मिनिटं झालेली असतात आणि तासभर झाल्यासारखं वाटतं. पुढचे दोन तास अजून काहीही घ्यायचं नाही, वाटलं नाही तरी. खरं तर पहिल्या दिवशी दुसरा डोस घ्यायचाच नाही, दुसऱ्या कुठल्या दिवशी बघा.

उरलेलं ड्रिंक उघड्या कॅनमध्ये फ्रिजमध्ये ठेवू नका. झाकणाच्या बाटलीत ओता, मार्करने मोठ्या अक्षरात लिहा की यात गांजा आहे, किती मिलिग्रॅम आहे, आणि कुलूप असलेल्या जागी ठेवा. हे मी उगाच ताणून सांगत नाहीये. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी खाण्यातला गांजा चुकून खाल्ल्याच्या पॉयझन सेंटरकडे आलेल्या केसेस २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३०५४ झाल्या. मुलाला ते नुसतं गोड सोडा दिसतं, आणि मोठ्या माणसाला गुंगी आणणाऱ्या डोसने लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो, मूल बेशुद्ध पडू शकतं. मुलाने एक घोट जरी घेतल्याची शंका आली तरी वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना, आणि कॅन सोबत न्या. कुत्र्या-मांजरांनाही हे चालत नाही.

बरं, ठीक प्रमाणात घेतलं तर काय वाटतं? अंग सैल पडतं, हसू येतं, गाणं जास्त छान ऐकू येतं, भूक लागते, तोंड कोरडं पडतं, डोळे लाल होतात. छातीची धडधड वाढते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग ते घाबरतात. पटकन उठलं तर चक्कर येते कारण बीपी खाली येऊ शकतं, म्हणून उठताना आधी बसा, मग उभे राहा. आत्ता काय बोलत होतो तेच विसरायला होतं. यातलं बरंचसं आपोआप जातं.

दारूसोबत मात्र अजिबात नको. दोन्ही एकत्र घेतलं तर रक्तात टीएचसी जास्त चढतो, तोल जातो, ओकाऱ्या सुरू होतात, आणि दोन्हीपैकी कशामुळे काय होतंय ते समजत नाही. पार्टीत गांजावालं ड्रिंक आणि दारू एकाच टेबलावर ठेवत असाल तर प्लीज वेगळं ठेवा आणि सांगून ठेवा. न सांगता कोणाच्या ग्लासात हे घालणं हा तर गुन्हाच आहे, गंमत नाही, ज्याला माहीत नाही त्याला आपल्याला काय होतंय हेच कळत नाही आणि भीतीने त्याचा जीव अर्धा होतो.

कोणी घेऊच नये तेही स्पष्ट सांगते. गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आया, कारण टीएचसी बाळापर्यंत पोचतो आणि दुधातही उतरतो. हृदयाचा त्रास असलेले. ज्यांना स्वतःला किंवा घरात कोणाला सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं), स्किझोफ्रेनिया आहे ते. आणि तरुण पोरं, मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, त्या आधी जितकं लांब राहाल तितकं बरं.

औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि यात "फक्त सीबीडी" वालं ड्रिंकसुद्धा येतं. सीबीडीने नशा होत नाही म्हणून लोक ते निर्धास्त पितात पण यकृतातली जी एन्झाइम औषधं मोडतात त्यांचं काम सीबीडी अडवू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरीन असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, फिट्सवरचं क्लोबाझाम असेल तर गुंगी वाढते. झोपेच्या गोळ्या आणि अफूच्या जातीतली पेनकिलर तर सोबत नकोच.

जास्त झालंच तर? समजा मैत्रीण थरथरतेय, म्हणतेय माझं हृदय बंद पडणार, मी वेडी होतेय. तिला घोळक्यातून बाजूला न्या, दिवे मंद करा, आवाज कमी करा, एका कुशीवर झोपवा म्हणजे उलटी आलीच तर घशात अडकणार नाही. घोट घोट पाणी द्या. मुद्दाम ओकायला लावू नका. "तू जास्त प्यायलीस, म्हणून असं होतंय, काही तासांत उतरेल, मी इथेच बसलेय", हे शांतपणे परत परत सांगा, कारण दोन मिनिटांपूर्वी सांगितलेलं तिला आठवत नसतं. एकटीला सोडून जाऊ नका, आंघोळीला पाठवू नका, कॉफी पाजू नका, धडधड अजून वाढेल. यावर उतारा असं औषध नाही, वेळच जाऊ द्यावा लागतो. पण छातीत दुखतंय, श्वास नीट नाही, फिट आली, हाक मारून उठत नाही, उलट्या थांबत नाहीत, किंवा स्वतःला इजा करायचं बोलतेय, यातलं एक जरी दिसलं तर तिथेच ॲम्ब्युलन्स बोलवा आणि डॉक्टरांना खरं सांगा काय घेतलं, किती, कधी. लाज आणि कायद्याची भीती यात अर्धा तास घालवू नका.

गाडी त्या दिवशी चालवायचीच नाही, कमीत कमी आठ तास तरी नाहीच, आणि रात्री घेतलं असेल आणि सकाळी डोकं जड वाटत असेल तर तेव्हाही नाही. प्रवासात कॅन बॅगेत टाकू नका, कॅनडात कायदेशीर असला तरी तो सीमेपलीकडे नेणं आणि आणणं दोन्ही गुन्हा आहे, आणि सिंगापूरसारख्या देशात तर फार कडक शिक्षा आहेत. नोकरीत लघवीची टेस्ट होत असेल तर एकदाच घेतलेलं काही दिवस दिसतं, रोज घेणाऱ्याचं कित्येक आठवडे. आणि रोज घेणाऱ्या कोणाला सारखी मळमळ, ओकाऱ्या, आणि गरम पाण्याने आंघोळ केल्यावरच बरं वाटतंय असं होत असेल तर ती ॲसिडिटी समजून गोळ्या खात बसू नका, जास्त काळ गांजा घेतल्याने होणारा हा एक आजार आहे, डॉक्टरांना दाखवा, आणि गांजा पूर्ण बंद केल्यावरच तो थांबतो.