मामा तलावाच्या गाळातील मिथेनॉलभक्षी जिवाणू: शोध आणि वर्गीकरण

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव, धानाच्या सिंचनासाठी बांधले गेले; परंतु त्यांच्या तळाचा गाळ सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला घराजवळच मिळणारा उत्तम नमुना आहे. काठची बेशरम, कमळाची पाने आणि धानाचे तणस कुजताना त्यांच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिनपासून मिथेनॉल सुटते, आणि मिथेन खाणारे जिवाणूही थोडे मिथेनॉल बाहेर टाकतात. त्यावर जगणारे जिवाणू शोधताना एक क्रम पाळावा: जिवाणू खरोखर मिथेनॉलवर वाढतो हे आधी दाखवावे, तो शुद्ध आहे हे नंतर, आणि ‘नवीन’ हा शब्द सर्वांत शेवटी उच्चारावा.

नमुना घेण्यापूर्वी ग्रामपंचायतीला आणि तलाव ज्यांच्याकडे असेल त्या मच्छीमार संस्थेला कल्पना द्यावी. तलाव वनक्षेत्रात असल्यास वनविभागाची परवानगी घ्यावी. गाळाचा उभा गाभा काढला तर वरचा पातळ थर तपकिरी आणि त्याखालचा काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा दिसतो. वरच्या थरात थोडा ऑक्सिजन पोहोचतो, म्हणून प्राणवायूवर जगणाऱ्या जिवाणूंसाठी तोच निर्जंतुक नळीत भरावा आणि पाण्याचे तापमान व सामू जागेवरच नोंदवावेत. मे महिन्यात नमुना थर्माकोलच्या डब्यात बर्फाशेजारी ठेवावा, मात्र गोठू देऊ नये.

जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात नायट्रेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, फॉस्फेट आणि सूक्ष्म मूलद्रव्ये असावीत. कार्बनचा स्रोत फक्त मिथेनॉल. फॉस्फेट वेगळे ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करून) थंड झाल्यावर मिसळावे, नाहीतर साका बसतो. मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून ते ऑटोक्लेव्हमध्ये न घालता निर्जंतुक गाळणीतून गाळून शेवटी मिसळावे: एका संचात लिटरला ५ मिलिलिटर, दुसऱ्यात अर्धाच मिलिलिटर, कारण गाळातील कित्येक जिवाणूंना जास्त मात्रा मानवत नाही. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. बाटली उघडी असताना शेजारी स्पिरिटचा दिवा पेटलेला नसावा.

माध्यमात लिटरला काही मायक्रोमोल लँथॅनम किंवा सेरियम क्लोराइड अवश्य घालावे, आणि या सूचनेमागचे कारण नीट समजून घ्यावे. मिथेनॉलचे ऑक्सिडेशन करणाऱ्या डिहायड्रोजनेज विकराचे दोन प्रमुख प्रकार आहेत: कॅल्शियमवर चालणारा एमएक्सएएफ आणि लँथॅनाइड धातूंवर (लँथॅनम, सेरियम इत्यादींवर) चालणारा झॉक्सएफ. सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवराच्या गाळातील मेथिलोटेनेरा मोबिलिस या जिवाणूचे वर्णन २००६ मध्ये केवळ मिथिलअमाइनवर वाढणारा म्हणून झाले होते; पुढे त्याच्या जीनोममध्ये (संपूर्ण जनुकसंचात) एमएक्सएएफ नसून झॉक्सएफ असल्याचे दिसले. म्हणून फक्त एमएक्सएएफचे प्रायमर (जनुक हुडकणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवून पाहण्याची चाचणी) नकारात्मक आला म्हणजे जिवाणू मिथेनॉल खात नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. दोन्ही जनुके तपासावीत.

गाळ विरळ करून २८ ते ३० अंशांवर द्रव माध्यमात वाढवावा, मग अगारवर (घट्ट माध्यमावर) पसरावा. प्रत्येक वेळी मिथेनॉल नसलेली एक प्लेट सोबत ठेवावी, कारण अगारमधील अशुद्धींवरही बारीक कॉलनी उगवतात आणि त्या कॉलनी पाहून हुरळून जाणारे कमी नाहीत. गुलाबी कॉलनी दिसली की मेथिलोबॅक्टेरियम गवसल्याचा आनंद होतो. पण हा जिवाणू झाडांच्या पानांवर सर्रास आढळतो, त्यामुळे तो गाळात राहणारा की पडलेल्या पानाबरोबर आलेला, हे नुसत्या रंगावरून ठरत नाही. हायफोमायक्रोबियम हा मुकुलनाने (पेशीला कळी फुटून) वाढणारा, सावकाश जिवाणू इतरांच्या कॉलनीत लपून राहतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या पेशी दिसेपर्यंत स्ट्रीकिंग (एक कॉलनी उचलून नव्या प्लेटवर रेघांनी पसरणे) पुन्हा पुन्हा करावे. शेवटी द्रव माध्यमात मिथेनॉलसह आणि मिथेनॉलविना ६०० नॅनोमीटरवर वाढ मोजावी. दोन्हींतील फरक हाच खरा पुरावा.

आता ओळख. जिवाणूंची ओळख पटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १६एस आरआरएनए जनुकाचा सुमारे १५०० बेस-जोड्यांचा क्रम २७एफ आणि १४९२आर प्रायमरने काढून नाव मिळालेल्या जातींच्या प्रमाण-वाणांशी (जातीचा अधिकृत नमुना असलेल्या वाणांशी) ताडावा. साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नवी जात असण्याची शक्यता बळावते. त्याहून जास्त असले तरी जात तीच, असे ठरत नाही, म्हणून संपूर्ण जीनोम काढणे आज टाळता येत नाही. दोन जीनोममधील सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ९५ ते ९६ टक्क्यांखाली आणि संगणकीय डीएनए संकरण (दोन जीनोम किती जुळतात याचा संगणकाने काढलेला अंदाज) ७० टक्क्यांखाली असल्यास वेगळ्या जातीचा दावा टिकतो. सोबत मेदाम्ले, ध्रुवीय लिपिड आणि क्विनोन (श्वसनसाखळीतील रेणू) तपासावेत: मेथिलोटेनेराच्या मेथिलोफिलेसी कुळात युबिक्विनोन-८, तर मेथिलोबॅक्टेरियमच्या गटात युबिक्विनोन-१० मुख्य असतो. ही कामे गावाकडच्या महाविद्यालयात होत नाहीत. पुणे, नागपूर येथील प्रयोगशाळांशी आधीच बोलून ठेवावे.

नव्या जातीचे नाव वैध होण्यासाठी प्रमाण-वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संवर्धन-संग्रहांत जमा करावा लागतो. भारतात चंदीगडचे एमटीसीसी आणि पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. परदेशी संग्रहाकडे पाठवण्यापूर्वी २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील अटी पूर्ण कराव्यात. या कागदपत्रांना वेळ लागतो आणि तोवर महाविद्यालयाच्या फ्रीजरची वीज कितीदा जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे ग्लिसरॉलमधील साठ्याची एक प्रत पहिल्याच महिन्यात दुसऱ्या प्रयोगशाळेत ठेवावी.