भूतानला जाताय? निदान या चुका तरी करू नका

भूतानला चाललोय म्हणून लोक मला प्लॅन पाठवतात आणि जवळजवळ प्रत्येकात तीच चूक असते, मॅपवर किलोमीटर बघून दिवस भरलेले. अहो, सीमेवरचं फुंत्शोलिंग ते राजधानी थिंफू दीडशे किलोमीटरच्या आसपासच आहे पण सगळा घाट, पाच तास तरी धराच, धुकं असलं तर जास्त. समुद्र नाही, रेल्वे नाही, उत्तरेला तिबेट आणि बाकी तिन्ही बाजूंना आपण, त्यामुळे फिरायचं ते याच वळणांवरून.

आणि कृपा करून तक्त्सांग, म्हणजे पारोजवळचा तो कड्यावरचा मठ, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवू नका. आम्ही ठेवलं होतं. माझा मामा रोज पर्वती चढतो, म्हणाला मला काय होतंय. पण पर्वतीच्या 103 पायऱ्या आणि 3100 मीटरवरचा मठ यात फरक आहे ना! आदल्या संध्याकाळी पारोत पोचलो, झोप धड नाही, सकाळी पोटभर पुरी-भाजी खाऊन अकराला चढायला लागलो. अर्ध्यावरच्या कॅफेटेरियापर्यंत मामाचं डोकं ठणकायला लागलं, ओठ पांढरे पडले, काठी धरलेला हात थरथरत होता. समोर कड्याला चिकटलेला मठ दिसत होता, आणि मामा तो बाकावरूनच बघत बसला. आम्ही त्याला घेऊन तिथूनच उतरलो. घोडा करू म्हणाल तर तो कॅफेटेरियापर्यंतच, पुढच्या शेकडो पायऱ्या स्वतःच्याच पायांनी.

तेव्हापासून माझं ठरलेलं आहे, उंचीची सवय व्हावी म्हणून आधी थिंफूत दोन रात्री, मग पुनाखा, तक्त्सांग शेवटी, आणि सकाळी सातला पायथ्याशी हजर. शॉर्टकट विचारू नका, मी सांगणार नाही.

आधार कार्डावर निघू नका, पासपोर्ट नाहीतर वोटर आयडी लागतो, ओरिजिनल.

बजेट 2019 ला जाऊन आलेल्या मित्राला विचारून काढू नका. 2022 पासून भारतीयांना माणशी रात्रीला 1200 रुपये सरकारी फी आहे, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मी. चार जणांच्या सहा रात्री धरल्या की आकडा कुठे जातो बघा.

झोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठांमध्ये, हाफ पँट, टोपी चालत नाही. फुल बाह्यांचा एक शर्ट हँडबॅगेतच ठेवा, गाडीच्या टपावर बांधलेल्या बॅगेत नको.

एमा दात्शी म्हणजे तिथली मिरची-चीजची भाजी; तिच्यातली मिरची मसाला म्हणून नसते, तीच भाजी असते. पहिल्या दिवशी लाल भातासोबत थोडीच घ्या.

उरलेले न्गुलत्रुम, म्हणजे भूतानच्या नोटा, फुंत्शोलिंगमध्येच संपवा. किंमत रुपयाएवढीच आहे पण पुण्यात ते कोणी घेत नाही.