आपल्या भागातली हवा सॅटेलाइटवर कशी बघायची, आणि फुप्फुसांसाठी त्याचा उपयोग कसा करायचा

थंडी पडली की घरोघरी खोकला सुरू होतो आणि आपण "हवा बदलली" म्हणून सोडून देतो. हवा खरंच बदललेली असते, आणि ती कशी बदलली ते आता घरबसल्या, फुकटात बघता येतं. घरात दम्याचं मूल असेल, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असलेले आजोबा असतील तर हे शिकून घ्याच, अवघड काही नाहीये.

फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. धूर कुठल्या बाजूचा आणि कधी वाढतो ते सॅटेलाइट सांगतो, पण आज तुमच्या नाकात किती जातोय ते तो सांगू शकत नाही. त्यासाठी जमिनीवरचं मीटर लागतं, आणि तो तुमच्या छातीला किती बाधतोय हे कळायला तिसरंच यंत्र लागतं, ते पुढे येतंय.

आधी नासाचं वर्ल्डव्ह्यू उघडा

मोबाईलपेक्षा कॉम्प्युटर बरा. साइट उघडली की पृथ्वीचा साधा फोटो दिसतो, खाली तारखेची पट्टी असते. महाराष्ट्रावर झूम करा आणि डिसेंबर-जानेवारीतली एखादी तारीख घ्या. जुलै-ऑगस्ट बघू नका, ढगांखालचं काही दिसत नाही. मग लेयर वाढवायचं बटण दाबून "एरोसोल ऑप्टिकल डेप्थ" शोधा (सर्चमध्ये नाव इंग्रजीतच टाका). हवेतले कण सूर्यप्रकाश किती अडवतात त्याचा हा आकडा. ०.१ च्या खाली असेल तर आकाश स्वच्छ, १ च्या आसपास गेला तर चांगलंच धुरकट.

इथे बरेच जण फसतात. हा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेचा आहे. आखाताकडून आलेली धूळ उंचावरून जात असेल तर नकाशा लालभडक दिसेल आणि तुमच्या गल्लीतली हवा बरी असेल. उलट थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत अडकते, मुंबईत समुद्रावरचा वारा मंदावतो, आणि सगळी घाण आपल्या नाकाच्या उंचीवरच साठते, तेव्हा आकडा तेवढा मोठा नसूनही त्रास जास्त होतो.

तिथेच आगींचा लेयर पण आहे, तो लावला की लाल ठिपके दिसतात. ऑक्टोबरच्या शेवटी पंजाब-हरियाणा बघा, ठिपक्यांनी भरलेलं असतं. आपल्याकडे ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवतात, उन्हाळ्यात गडचिरोलीकडे वणवे लागतात, तेही सापडतील. पण हे सॅटेलाइट ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातात, आगी टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस या सॅटेलाइटवरच्या कॅमेऱ्याची वेळ साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या आसपासची. चार वाजता पेटवून सहाला विझलं तर ठिपका उमटणारच नाही. त्यामुळे ठिपका नाही म्हणजे आग नव्हती असं समजू नका, आणि कोपऱ्यावर जाळलेला कचरा तर यात शोधूच नका.

मग वायू बघा: सेंटिनेल-५पी

युरोपियन स्पेस एजन्सीने ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेला हा सॅटेलाइट, त्यावरचं ट्रोपोमी यंत्र नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड वगैरे मोजतं. कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या मोफत वेबसाइटवर सेंटिनेल-५पी निवडा, त्यात नायट्रोजन डायऑक्साइड घ्या. गाड्या आणि कोळशाची वीज केंद्रं, दोघांचा माग या वायूवरून छान लागतो.

चंद्रपूर बघा. तिथलं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. थंडीतल्या निरभ्र दिवसांच्या पाच-सहा तारखा एकामागून एक उघडा आणि रंग त्या भागावर कसा बसतो, वाऱ्याप्रमाणे त्याची शेपूट कुठल्या तालुक्यांकडे सरकते ते बघा. एका दिवसाच्या चित्रावरून काही ठरवू नका, वारा बदलला की चित्र बदलतं. सराव करायचा असेल तर मुंबईसाठी एप्रिल २०१९ आणि लॉकडाऊनमधला एप्रिल २०२० शेजारी लावा.

मर्यादा पण लक्षात घ्या. याचा एक चौकोन साधारण ५.५ बाय ३.५ किलोमीटरचा, म्हणजे जवळपास १९ चौरस किलोमीटर, त्यात माहीम आणि धारावी एकत्रच येऊ शकतात. तुमच्या सोसायटीसमोरच्या बांधकामाची धूळ यात दिसणार नाही.

आता जमिनीवर या

केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर ॲप घ्या, मुंबई-पुण्यासाठी सफर नावाचं ॲप आहे. जवळचं स्टेशन निवडा, पण नुसता एक्यूआयचा (हवेच्या दर्जाच्या एकत्रित आकड्याचा) रंग बघून थांबू नका. कणांसाठी तो आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात, त्यामुळे सकाळचा वाईट तास त्यात बुडून जातो. तासागणिक आलेख उघडून पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, किती आहेत ते बघा.

आणि "समाधानकारक" या शब्दावर निर्धास्त होऊ नका. आपल्याकडे पीएम २.५ ची दिवसाची मर्यादा घनमीटर हवेला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितली. म्हणजे ५५ आला तरी ॲप समाधानकारक म्हणेल, आणि दम्याच्या पोराला मात्र त्रास होऊ शकतो. मला तर वाटतं की ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी १५ हाच आकडा डोळ्यासमोर ठेवावा.

शेवटी छातीचं माप

पीएम २.५ चे कण केसाच्या साधारण तिसाव्या भागाइतके बारीक असतात, नाक-घसा ओलांडून थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना सूज आणतो, मग दमा उफाळतो. बाहेरच्या हवेतलं प्रदूषण कॅन्सर करतं हेही २०१३ मध्ये कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अधिकृतपणे मान्य केलं.

दम्याच्या पेशंटसाठी केमिस्टकडून पीक फ्लो मीटर आणा, श्वास किती जोरात बाहेर फुंकता येतो ते मोजणारी ही छोटी नळी. वापरायचं असं: उभं राहा, काटा शून्यावर आणा, खोल श्वास घ्या, ओठ नळीभोवती घट्ट मिटून एकदम जोरात फुंका. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहा. तब्येत बरी असताना दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ मोजलं की आपला "बेस्ट" आकडा मिळतो. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर ठीक, ५० ते ८० मध्ये डॉक्टरांनी ठरवून दिलेला प्लॅन चालू करायचा, ५० च्या खाली गेलं तर डॉक्टरांच्या प्लॅनमधलं औषध लगेच द्या आणि ताबडतोब हॉस्पिटल. हवा चांगली आहे म्हणून रोजचा इन्हेलर मनाने बंद करू नका, हे हात जोडून सांगते. सीओपीडी असेल तर या मीटरवर भागत नाही, स्पायरोमेट्री (दवाखान्यात होणारी फुप्फुसांची फुंकण्याची तपासणी) करून घ्या.

वहीत तारीख, स्टेशनचा पीएम २.५, पीक फ्लो, खोकला-दम, आणि त्या दिवशी नकाशावर काय दिसलं, एवढं लिहा. महिनाभरात कळायला लागतं की आपल्याला नक्की काय बाधतं. मग डिसेंबरात पहाटे पाचचं फिरणं आलेख बघून उशिरावर ढकलता येतं, बाहेर पडायचंच असेल तर एन-९५ नाकावर घट्ट बसवून जाता येतं, कापडी रुमालाचा या कणांपुढे फारसा उपयोग होत नाही.

ही वही डॉक्टरांना दाखवा. पालिकेकडे किंवा प्रदूषण मंडळाकडे तक्रार करायची असेल तर नकाशाचा स्क्रीनशॉट तारीख आणि रंगांची पट्टी दिसेल असा घ्या, पण एखाद्या ठरावीक साइटबद्दल तक्रार असेल तर सोबत तिथला फोनवरचा फोटो, वेळ आणि लोकेशनसकट, जोडाच, कारण सॅटेलाइटवरून ती साइट ओळखू येणार नाही.