छतावरचा दिवा बदलताय? या चुका टाळा

छताचं फिटिंग बदलणं हे तसं अर्ध्या तासाचं काम. जुनं सोडवायचं, दोन-तीन वायरी काढायच्या, नव्यात घालायच्या, स्क्रू आवळायचे. काम सोपं आहे हे खरंच, आणि म्हणूनच आपण बऱ्याच गोष्टी न तपासता गृहीत धरतो. माझ्या हातून झालेल्या आणि इतरांच्या निस्तरलेल्या जवळजवळ सगळ्या चुकांच्या मुळाशी हेच होतं.

स्विच बंद, म्हणजे करंट बंद?

नाही. भिंतीवरचा स्विच एकच वायर तोडतो. ती फेजची, म्हणजे करंट घेऊन येणारी असायला हवी. पण वायरिंग करणाऱ्याने स्विच न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवर टाकला असेल, तर दिवा विझतो आणि होल्डरपाशी फेज तशीच येऊन थांबलेली असते. काही घरांत पुढच्या खोलीला जाणारी फेजही दिव्याच्याच बॉक्समध्ये जोडलेली असते; तिचा या स्विचशी काहीच संबंध नसतो. जिन्यातल्या दिव्याला दोन स्विच असतात, तिथे तर कुठली स्थिती बंद आणि कुठली चालू हे बघून कळतच नाही.

त्यामुळे एमसीबीच, म्हणजे मेन बोर्डावरचा त्या लाइनचा खटकाच पाडायचा. कोणता, हे माहीत नसेल तर दिवा चालू ठेवून एकेक पाडून बघा. घरात इन्व्हर्टर किंवा बॅटरीवाला सोलर असेल तर आणखी एक पायरी आहे. तुम्ही मेन पाडला की इन्व्हर्टरच्या दृष्टीने वीज गेलेली असते, आणि तो इमानेइतबारे दिव्यांचा पुरवठा सुरू करतो. त्याचं आउटपुटही बंद करा. पाडलेल्या एमसीबीवर चिकटपट्टी लावा आणि घरातल्यांना तोंडी सांगा. ‘लाइट का गेली’ म्हणून कुणीतरी जाऊन तो वर करतोच.

यानंतर टेस्टर. स्क्रू ड्रायव्हरच्या आकाराचा निऑन टेस्टर आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. तुम्ही कोरड्या लाकडी शिडीवर, रबरी चपला घालून, भर उजेडात उभे असाल तर तो पेटलेला दिसेलच असं नाही. उलट बाजूने, शेजारून जाणाऱ्या वायरीमुळे बंद वायरीतही तो कधीकधी मंद लुकलुकतो. म्हणून आधी चालू असलेल्या दुसऱ्या लाइनच्या सॉकेटवर टेस्टर चालतो हे बघायचं, मग वर तपासायचं, आणि खाली येऊन पुन्हा सॉकेटवर बघायचं. मल्टिमीटर असेल तर उत्तमच: एसी व्होल्टेजवर ठेवून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या बघा.

‘लाल लालला, काळी काळीला’

या सूत्राने मला चांगलाच धडा दिला आहे. जुनं फिटिंग काढलं तेव्हा वर तीन केबल आल्या होत्या, प्रत्येकीत एक लाल, एक काळी. फोटो काढायचा विचार आला होता, पण फोन खाली राहिला होता. रंग जुळवून तिन्ही लाल एकत्र केल्या, तिन्ही काळ्या एकत्र केल्या, दिवा जोडला आणि एमसीबी वर केला. स्विच बंद असतानाच दिवा लागला. ‘अरे, हे काय’ म्हणत स्विच दाबला, तर एमसीबी खाली.

झालं होतं ते असं. एक केबल पुरवठा घेऊन येणारी, दुसरी तो पुढे नेणारी आणि तिसरी स्विचकडे जाऊन परत येणारी. त्या तिसऱ्या केबलमधली काळी वायर न्यूट्रल नसतेच. ती स्विचमधून परत आलेली फेज असते. मी ती न्यूट्रलच्या गठ्ठ्यात बांधली. मग स्विच चालू करणं म्हणजे फेज थेट न्यूट्रलला भिडवणं. बरोबर जोडणी अशी: तिन्ही लाल एका कनेक्टरमध्ये, दिव्यापासून स्वतंत्र; स्विचवरून परतलेली काळी दिव्याच्या फेजला; उरलेल्या दोन काळ्या दिव्याच्या न्यूट्रलला. नीट वायरिंग करणारा त्या काळीवर लाल टेप गुंडाळून ठेवतो. ती खूण दिसली तर फाडून टाकू नका.

रंगांचंही एक आहे. जुन्या वायरिंगमध्ये लाल, काळी, हिरवी. नव्यात बरेचदा तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. एकाच घरात दोन्ही भेटतात, आणि शिल्लक राहिलेल्या वायरीत काम उरकणाऱ्याच्या घरी तिसरंच काहीतरी भेटतं. तेव्हा सोडवण्याआधी दोन बाजूंनी फोटो आणि प्रत्येक वायरीला टेपची खूण, हे ठरलेलं. जुन्या फिटिंगमध्ये एकत्र असलेल्या वायरी नव्यातही एकत्रच राहतात.

एमसीबी बंद असूनही आख्खं घर अंधारात

हा प्रकार पहिल्यांदा होतो तेव्हा माणूस चक्रावतो. दिव्याचा एमसीबी पाडलेला आहे, वर काम चालू आहे, आणि न्यूट्रलची वायर सहज फिटिंगच्या पत्र्याला किंवा अर्थिंगला लागली की आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला तर पुरवठा तोडणारा बोर्डावरचा खटका, खटकन पडतो. भूत नाही. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. घरात फ्रिज वगैरे चालू असतात, त्यांचा करंट न्यूट्रलमधून परतत असतो. न्यूट्रल अर्थला टेकली की त्यातला थोडा करंट अर्थवाटे निघून जातो. गेलेला आणि परत आलेला यांचा हिशेब चुकला की आरसीसीबी तुटतो. घरगुती आरसीसीबीला त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा फरकही पुरतो. वायरीची उघडी टोकं आधी टेपने झाकून ठेवा, एवढंच.

काम संपल्यावरही तो पडत राहिला, तर एखादी वायर फिटिंगची प्लेट आणि छत यांच्यात चिरडली आहे का ते आधी बघा. निम्म्या वेळा तेच असतं.

सांधे

वायरी पिळून वरून टेप मारणं हा सांधा नाही. दिव्याजवळच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो, टेप उलगडते, पीळ सैलावतो आणि सैल सांधा तापतो. कनेक्टर वापरा. त्यात जेवढी शिरेल तेवढीच, साधारण 8 ते 10 मिमी वायर सोला. बाहेर तांबं दिसता कामा नये. सोलताना तारेवर खाच पडली तर तो तुकडा कापून पुन्हा सोला, नाहीतर तिथेच ती मोडते. अनेक बारीक तारांची वायर असेल तर एकही तार बाहेर सुटलेली नको. काही जण अशा टोकाला सोल्डर लावतात. स्क्रूखाली ते करू नये: दाबाखाली सोल्डर हळूहळू बसतं आणि घट्ट आवळलेला स्क्रू ढिला होतो. आवळून झाल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा.

पेचाच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाजूच्या आटेवाल्या भागाला. उलटं केलं तरी दिवा लागतो, म्हणून चूक कळत नाही. कळते ती बल्ब फिरवताना बोट त्या आटेला लागल्यावर.

अर्थिंगची वायर ‘जास्तीची’ नसते

फिटिंग धातूचं असेल तर अर्थ जोडायचीच. छतात अर्थची वायरच नसेल तर धातूचं फिटिंग बाजूला ठेवा आणि एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असलेलं, दुहेरी इन्सुलेशनचं घ्या. त्याला अर्थ लागत नाही.

भार कुणी पेलायचा?

वायरीने नाही. हलका प्लास्टिकचा दिवा दोन स्क्रूंवर राहतो. काचेचं झुंबर त्याच दोन स्क्रूंवर टांगलं तर ते खाली येणार, प्रश्न फक्त कधी. काँक्रीटमध्ये योग्य मापाचा प्लग, म्हणजे भोकात स्क्रू धरून ठेवणारी गुल्ली हवी. फॉल्स सीलिंगच्या बोर्डात साधा प्लग धरत नाही. तिथे मागे पंख उघडणारा अँकर, आणि दिवा जड असेल तर वरच्या स्लॅबपासून किंवा सांगाड्यापासून स्वतंत्र आधार. जुन्या बॉक्सला लागून नवं भोक पाडायचा मोह टाळा. वायरीचा पाइप स्लॅबमधून त्याच बॉक्सकडे येतो, आणि तो कुठून येतो हे खालून दिसत नाही.

शिडीबद्दल एकच: पलंगावर स्टूल नको. विजेची एवढी काळजी घेऊन शेवटी पडून हात मोडलेले लोक मी पाहिले आहेत. आणि फिटिंग धरायला खाली दुसरा माणूस असू द्या.

लावल्यानंतरच्या कुरबुरी

एलईडी बंद केल्यावरही अंधूक चमकत राहिला, तर स्विचमध्ये इंडिकेटरचा बारीक दिवा आहे का बघा. त्यातून झिरपणारा करंट एलईडीला पुरतो. इंडिकेटर नसेल तर स्विच न्यूट्रलवर असण्याची शंका घ्या, आणि ती निस्तरून घ्या. दिवा फडफडत असेल आणि लाइनवर डिमर (उजेड कमी-जास्त करणारा स्विच) असेल तर दिवा डिमरला चालणारा आहे का ते खोक्यावर वाचा. डिमर नसेल तर सैल सांधा, बहुधा न्यूट्रलचा. बंद काचेच्या गोळ्यात एलईडी लवकर जात असेल तर दोष उष्णतेचा: एलईडी बल्बच्या तळात ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य करंट देणारं सर्किट असतं आणि हवा न मिळाल्याने तो शिजतो. फिटिंगवर लिहिलेली वॅटची मर्यादा पाळा. बाथरूममध्ये पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेलं, निदान आयपी 44 चं फिटिंग हवं.

इथे थांबा

वर ॲल्युमिनियमच्या वायरी निघाल्या, इन्सुलेशन हात लावताच भुगा होऊन पडायला लागलं, बॉक्समध्ये जळकट काळेपणा किंवा ओल दिसली, तर टोकं झाकून खाली उतरा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ॲल्युमिनियमला तांबं साध्या कनेक्टरने जोडलं की सांधा हळूहळू तापायला लागतो. जुन्या बल्बच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजलेलं इन्सुलेशन टेपने सावरत नाही, वायरच बदलावी लागते. काही देशांत परवान्याशिवाय हे काम करायला कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम शिडी लावण्याआधीच बघून घ्या.