जुन्या कपड्यांची शोकेस लावायचं काम शिकायचंय?

मी पुण्यात व्हिंटेज कपड्यांच्या दुकानाची शोकेस लावते. हे काम कसं शिकायचं असं विचारणारी बरीच मुलंमुली भेटतात, बहुतेक फॅशन नाहीतर इंटिरियर केलेली, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की आपल्याकडे पीस एकच असतो. लक्ष्मी रोडला डमीवरची साडी आवडली की आतून तशीच दुसरी काढून देतात, इथे सत्तरच्या दशकातला टेरिकॉटचा शर्ट कुणाला आवडला की तोच उतरवून द्यायचा, आणि भर शनिवारी संध्याकाळी शोकेस रिकामी! म्हणून लावतानाच त्या जागेचा बदली पीस ठरवून, इस्त्री करून आत तयार ठेवायचा. आणि सगळं एकमेकांना बांधून टाकायचं नाही, एक डमी काढली तरी बाकीचं जागेवर राहिलं पाहिजे.

मापाचं पण तसंच. जुने कपडे बहुतेक शिंप्याकडे कुणा एकाच्या मापाने शिवलेले असतात, आजच्या डमीला ते बसतीलच असं नाही आणि ओढून बसवायचे तर अजिबात नाहीत, शिवण उसवते. बसत नसेल तर चांगल्या रुंद हँगरवर घालून तंगूसने वरून सोडा, छान दिसतं. सैल असेल तर मागून चुणी घेऊन क्लिप लावायची, क्लिपखाली सुती चिंधी. रेशमाला टाचणी नको, भोक राहतं ते राहतंच. जुनी रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली असेल तर घडीवरच चिरते, त्यामुळे ती ताणून लावायची नाही, रुळावर सैल सोडायची.

आता उजेड, यावर मी सगळ्यात जास्त बोलते कारण नुकसान इथेच होतं. उन्हाने उडालेला रंग परत येत नाही आणि हे नुकसान साठत जातं, आज थोडं उद्या थोडं. म्युझियममध्ये नाजूक कापडावर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात, दुकानाच्या काचेत तर त्याच्या कितीतरी पट असतो. दुकान पश्चिमेला असेल तर आपल्याकडचं एप्रिल-मेचं दुपारचं ऊन सरळ आत येतं, मालकाला काचेला यूव्ही फिल्म लावायला सांगाच, पण फिल्म लावली म्हणून निर्धास्त राहू नका, रेशीम आणि जुनी पैठणी दोन आठवड्यांत बदला. दिवे एलईडी घ्या, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वर, ३००० केल्विनच्या आसपास, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचे, म्हणजे जरीचा आणि मरून-हिरव्याचा खरा रंग दिसतो. तपकीर गल्लीत विचारलं तर मिळतात, फक्त बॉक्सवरचे आकडे स्वतः वाचा. आणि मागचा पडदा काळा लावायचा मोह होतो ना, तर दिवसा बाहेर उजेड जास्त असतो, काळ्या पडद्यापुढे काचेचा आरसाच होतो, लोकांना आतल्या कपड्याऐवजी स्वतःचा चेहरा आणि मागच्या रिक्षा दिसतात. फिकट पडदा घ्या.

सामानासाठी बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठा, ट्रंका, घड्याळं, रेडिओ सगळं असतं. हुक, साखळ्या, तारा बोहरी आळीत. पण गंजकी ट्रंक कपड्याला थेट टेकवू नका, पावसाळ्यात तर नाहीच, गंजाचा डाग काढायला गेलं तर कापड खराब होतं. मध्ये मलमल घाला.

प्रॉप्स मात्र कमीच. मला स्वतःला तीन कपडे आणि एखादी खुर्ची एवढीच शोकेस आवडते, ज्यात तो कपडा घालणारा माणूस कोण असेल हे बघणाऱ्याला कळतं. त्यासाठी कपडा नीट वाचायला शिका. कॉलरच्या आतलं शिंप्याचं लेबल बघा, पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो कपडा १९७२ नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. नुसतं 'पूना २' असा जुना टपाल विभागाचा आकडा असेल तर बहुतेक त्याआधीचा, पण लोक जुनी लेबलं संपेपर्यंत वापरायचे, म्हणून कापड आणि बटणंही बघायची. केळकर म्युझियममध्ये जाऊन जुने पोशाख निवांत बघून या, कट आणि काठ डोळ्यांत बसतात. मग काचेवर 'साधारण १९७०' अशी छोटी चिठ्ठी लावली की लोक थांबतात, वाचतात, आजीची आठवण काढतात आणि आत येतात. खात्री नसेल तर साल लिहूच नका, या धंद्यात विश्वास गेला की गिऱ्हाईक गेलं.

कोर्स असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. ओळखीच्या छोट्या बुटिकची एक काच मागून घ्या, दुपारी आणि दिवे लागल्यावर असे दोन्ही वेळचे फोटो रस्त्याच्या पलीकडून काढा, तोच तुमचा पोर्टफोलिओ. पैसे बोलताना मजुरी वेगळी आणि सामान वेगळं लिहून द्या, सामानाचे पैसे आधी घ्या, आणि मधल्या आठवड्यात पीस विकला गेला तर बदलायला येण्याचे किती तेही तेव्हाच ठरवा, कारण पीस विकला जाणारच आहे.