सुक्या डब्यात ओल शिरली की दोन्ही डबे वाया: घरचा कचरा वेगळा करताना या चुका टाळा

सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली की आमच्या लोकमान्य नगरात घराघरांतून बादल्या बाहेर येतात. पुण्याहून, नागपूरहून आलेले पाहुणे गॅलरीत उभे राहून बघतात आणि विचारतात, इंदूरच्या लोकांना हे जमतं कसं? सवयीनं जमतं. पण इतक्या वर्षांनंतरही आमच्याच गल्लीत काही चुका पुन्हा पुन्हा होतात. गाडी दारात उभी असते तोवर त्या होऊन गेलेल्या असतात. त्या होतात आदल्या दिवशी, ओट्यापाशी, हात ओले असताना आणि कुकरची शिट्टी होत असताना.

शहरांच्या स्वच्छतेची क्रमवारी लावणाऱ्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ ला इंदूर पंचविसावं होतं. २०१७ ला पहिलं आलं आणि २०२३ पर्यंत पहिलंच राहिलं, शेवटच्या वर्षी सुरतेच्या जोडीनं. शहराच्या कडेला देवगुराडियाला सुमारे १०० एकरांवर जुन्या कचऱ्याचे ढीग होते. तिथे आता ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवायचा कारखाना आहे. १९ फेब्रुवारी २०२२ ला तो सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घेण्याइतका मोठा. त्या गॅसवर शहरातल्या सिटी बस चालतात. म्हणजे मेथीचे देठ आणि दुधीच्या साली इथे खरोखर कामाला येतात. मात्र त्या तिथवर नुसत्या देठ आणि साली म्हणूनच पोचल्या पाहिजेत.

आमच्याकडे सहा प्रकार करतात: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरातला घातक कचरा. सहा ऐकून माणूस दचकतो. रोजची लढाई मात्र दोनच प्रकारांची आहे. सुक्यात ओल जाऊ द्यायची नाही आणि ओल्यात प्लास्टिक जाऊ द्यायचं नाही. बाकीच्या प्रकारांचा त्रास त्या मानानं कमी.

ओल कुठून शिरते

सर्वात मोठी चूक दुधाच्या पिशवीची. पिशवी कापली, दूध पातेल्यात ओतलं, पिशवी तशीच सुक्या डब्यात टाकली. तळाला चमचाभर दूध राहतंच. इंदूरच्या मे महिन्यात ते दुपारपर्यंत नासतं, शेजारच्या वर्तमानपत्रात झिरपतं आणि संध्याकाळी डबा उघडला की आंबूस वास येतो. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, घाणच आहे सगळी, जाऊ दे एकत्र. वेगळं करण्याची सवय इथेच मोडते. म्हणून मी या एका पिशवीवर एवढं लिहिते आहे.

तिकडे सुका कचरा निवडायच्या केंद्रावर काय होतं? भिजलेल्या कागदाचा तंतू कुजायला लागतो, त्यावर बुरशी येते आणि पुठ्ठ्याचे पैसे मिळत नाहीत. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक चांगलं असतं, त्याचे पुन्हा दाणे होतात. पण नासलेल्या दुधानं माखलेली पिशवी कोणीतरी हातानं उचलून बाजूला काढावी लागते. बहुतेक वेळा ती काढली जात नाही.

उपाय सोपा आहे आणि त्याला जास्तीचं पाणीही लागत नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं दुसरं पाणी पिशवीत घालायचं, हलवायचं, कुंडीत ओतायचं. सिंकच्या वरच्या खिडकीला एक दोरी आणि दोन चिमटे. पिशवी उलटी टांगली की तासाभरात कोरडी होते. दह्याचा डबा, पनीरची पिशवी, लोणच्याची पाकिटं, सगळ्यांना हीच दोरी. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, एका बाजूनं चिकटलेला ठेवा. नखाएवढा सुटा तुकडा पुढे कोणत्याही चाळणीत सापडत नाही, तो नाल्यात किंवा गाईच्या पोटात जातो.

आमच्या सासूबाईंना वाटायचं, कचरा कशाला धुवायचा? त्यांचं म्हणणं खोटं नाही, लख्ख घासायची गरज नसतेच. थेंब गळत नाही आणि बोटाला चिकटत नाही, एवढं पुरे.

तेलकट कागदाची गोष्ट वेगळी. सकाळी पोहे-जलेबी बांधून आणतो, त्या कागदाला तेल आणि पाक लागलेला असतो. हा कागद रद्दीच्या गठ्ठ्यात घालू नका. कागदाचा लगदा पाण्यात होतो, त्यात तेल सुटं होत नाही, नव्या कागदावर डाग उमटतात. नुसतं तेल लागलेला साधा कागद घरच्या खतात फाडून घाला. आतून चकचकीत असलेल्या प्लेटा आणि कप दिसायला कागदाचे, पण त्यांना प्लास्टिकचा थर असतो. ते खतात नकोत आणि रद्दीतही नकोत, सुक्यात वेगळे ठेवा.

सेव-चिप्सची आतून चांदीसारखी पाकिटं दुधाच्या पिशव्यांत मिसळू नका. त्यांत वेगवेगळ्या वस्तूंचे थर चिकटवलेले असतात, ते सहज सुटे होत नाहीत. अशी पाकिटं बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. त्यासाठीसुद्धा ती कोरडी लागतात.

ओल्या बादलीतले घुसखोर

आता उलटी बाजू. ओला कचरा पिशवीत बांधून बादलीत ठेवायची सवय अजून बऱ्याच घरांत आहे. पिशवी नको. बादली रिकामी, तळाला वर्तमानपत्राची घडी, कचरा सुटा. पिशवीवर ‘बायो’ किंवा ‘पर्यावरणपूरक’ छापलंय म्हणून ती ओल्यात चालते असं नाही. खत होणारी म्हणून प्रमाणित पिशवीसुद्धा कुजायला मोठ्या खत प्रकल्पाची उष्णता मागते.

गॅसच्या कारखान्यात बंद टाकीत, हवेशिवाय, जिवाणू काम करतात. त्यांना पातळ रबडीसारखा लगदा लागतो. प्लास्टिकच्या पट्ट्या आणि दोरे फिरत्या दांड्यांना गुंडाळले जातात, वाळू-माती तळाला बसते. म्हणून कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, सफरचंदावरचा स्टिकर, चहाच्या पुडीची पिन आणि हाराचा दोरा बादलीत टाकण्याआधी काढा. कुंडीतली माती आणि घरातला केर ओल्यात नको. नारळाच्या करवंट्या आणि शेंडीही नको, हवेशिवायच्या टाकीत लाकडासारखं काहीच पचत नाही. त्या वेगळ्या धरून गाडीवर दाखवून द्या.

गणपतीतलं आणि नवरात्रातलं निर्माल्य हा हळवा विषय आहे. ते कचऱ्यात जाणं मनाला पटत नाही, म्हणून पिशवीत बांधून विहिरीत किंवा नदीत सोडतात. इथे त्या दिवसांत निर्माल्य वेगळं घेतात. तिथे फुलं-पत्री द्या, पण हाराची जर, थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं आधी काढून. देवाला वाहिलेलं मातीत परत गेलं तर त्याहून चांगलं काय?

दुसऱ्याच्या हाताला लागणारं

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे काचेचा पेला फुटला. मी तुकडे सुपलीत भरले, सुक्या पिशवीत टाकले, वर वर्तमानपत्र ठेवलं. सकाळी गाडीवरच्या ताईंनी पिशवी खालून धरून उचलली आणि झटकन हात मागे घेतला. हातमोजा काढला तर अंगठ्याच्या मुळाशी लालभडक रेघ. मी आतून हळद आणि पट्टी आणेपर्यंत त्या रस्त्यावरच थांबल्या होत्या, पुढच्या घराची बादली दुसऱ्या हातानं ओतत. "आंटीजी, कांच अलग दे दिया करो," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून काच जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा पत्र्याच्या डब्यात, चिकटपट्टीनं बंद, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’. आणि तो डबा ढिगात न टाकता हातात द्यायचा, तोंडानं सांगून. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट.

पॅड आणि डायपर काळ्या पिशवीत गुंडाळून सुक्यात टाकणं ही दुसरी चूक. काळी पिशवी आत काय आहे ते लपवते, आणि निवडणाऱ्या बाईला ती उघडूनच पाहावी लागते. वर्तमानपत्रात गुंडाळा, त्यावर लाल शाईनं ठसठशीत ठिपका काढा. पुण्यात कचरा वेचणाऱ्या महिलांनी हीच लाल ठिपक्याची मागणी केली होती, ती मला फार योग्य वाटते. आमच्या गाडीला अशा कचऱ्यासाठी वेगळा कप्पा आहे. मुलींना आणि मुलांनाही हे घरात मोकळेपणानं सांगा.

बॅटरी, बल्ब, औषधं

इथे थोडक्यात सांगते. मोबाइलच्या आणि खेळण्यांच्या लिथियम बॅटरी सुक्यात टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा बॅटरी चेपून पेट घेऊ शकते. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, झाडू मारू नका, जाड कागदानं तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीनं टिपा. मुदत संपलेली औषधं बेसिनमध्ये ओतू नका, घातक कचऱ्यात द्या.

पाहुणे आले की सगळं बिघडतं

मुंज, सत्यनारायण, डोहाळजेवण. रोज नेमानं वेगळं करणाऱ्या घरातही त्या दिवशी एकच मोठं पिंप कोपऱ्यात ठेवलं जातं आणि त्यात खरकटं, पेले, द्रोण, पाण्याच्या बाटल्या सगळं एकत्र जातं. दुसऱ्या दिवशी ते निवडायची कोणाची हिंमत होत नाही.

पिंप एकटं ठेवू नका. ओळीनं तीन ठेवा आणि ताटाच्या वाटेतच ठेवा: आधी खरकट्याची बादली, मग पत्रावळी, शेवटी बाटल्या. प्रत्येकात सुरुवातीला तुम्हीच एक-एक वस्तू टाकून ठेवा, म्हणजे येणाऱ्याला वाचावं लागत नाही, दिसतं. पहिली पंगत उठेल तेव्हा घरातला एक मुलगा किंवा मुलगी तिथे उभी करा. पहिले दहा जण बरोबर टाकतात तेव्हा पुढचे तसंच करतात. जमलं तर स्टीलचे पेले काढा, निम्मा कचरा होतच नाही.

घरचं खत नीट होत नसेल तर

गच्चीवर किंवा अंगणात खत करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कुजका वास येतो म्हणजे पाणी जास्त आणि सुकं कमी. ओल्या थराइतका, शक्यतो दुप्पट, सुका थर घाला: वाळकी पानं, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. मग ढवळा. मूठभर घेऊन दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत, धार नको. धार लागली तर दोन दिवस झाकण उघडं ठेवा.

मुंग्या झाल्या तर खत कोरडं पडलंय. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हेच होतं, तेव्हा ताकाचं पाणी शिंपडावं. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामच करते आहे. जाड करड्या अळ्याही बहुधा निरुपद्रवी असतात, उलट कचरा भराभर संपवतात. नको असतील तर वर सुक्या पानांचा जाड थर द्या. चिलटं झाली तर फळांच्या साली उघड्यावर राहिल्या आहेत, त्या आत गाडा. तेलातुपाचं शिजलेलं अन्न घरच्या खतात घालू नका, उंदीर येतात. ते गाडीच्या ओल्या कप्प्यात जाऊ द्या.

दोन-तीन महिन्यांनी खत काळं, भुरभुरीत होतं आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. तेव्हा ते चाळा. आंब्याच्या कोयी आणि मक्याची कणसं चाळणीवर राहतील, ती पुढच्या थरात परत घाला.