मधुमेहींच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढताना या चुका टाळा

शिबिरात रांग वाढली की सगळ्यात आधी कात्री लागते ती बाहुली मोठी होण्याच्या वेळेला. ट्रॉपिकामाइड-फिनाइलएफ्रिनचा थेंब घातला, १० मिनिटांत पेशंट कॅमेऱ्यासमोर. जुन्या मधुमेहात बाहुली मुळातच सावकाश उघडते. २० मिनिटं थांबा, टॉर्च मारून बघा. उघडली नसेल तर दुसरा थेंब घालून आणखी १५ मिनिटं अंधाऱ्या खोलीत बसवा. ओरडू दे रांग.

घाईतला फोटो अर्धा राखाडी येतो, आणि खरा घोळ तिथून पुढे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या फोटोत डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती जागा) स्वच्छ होती, पण मॅक्युला (बारीक नजरेचा पडद्याचा मध्यभाग) आणि खालचा भाग धुरकट. वाचणाऱ्याने डिस्क पाहिली आणि 'नॉर्मल' लिहून मोकळा झाला. चार महिन्यांनी त्याच डोळ्यासमोर काळे धागे उतरले; आत रक्तस्राव. धुरकट भागात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढत होत्या. वेळेत लेसर झालं असतं तर बहुधा ही वेळ टळली असती. कागदावर 'नॉर्मल' वाचल्यावर माणूस कशाला फिरकेल? मॅक्युलाजवळच्या बारीक रक्तवाहिन्या मोजता येत नसतील तर 'फोटो वाचता येत नाही' असं लिहा आणि रेटिना तज्ज्ञाकडे पाठवा. त्यात कमीपणा कसला? मोतीबिंदूमुळे फोटो धूसर असेल तरीही हेच.

दृष्टी तक्त्यावर तपासायची ती थेंबाआधी, पिनहोलसकट (बारीक छिद्राच्या चकतीतूनही). ६/६, म्हणजे पूर्ण नजर, आली म्हणून फोटो टाळायचा नाही; मॅक्युला शाबूत असेपर्यंत बिघडलेला पडदाही ६/६ वाचतो.

रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हृदयविकार असेल तर नुसतं ट्रॉपिकामाइड. थेंबाआधी कानाच्या बाजूने टॉर्च मारा. बुबुळाच्या नाकाकडच्या बाजूला सावली पडली तर डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोन अरुंद असू शकतो, थेंब न घालता डॉक्टरांना दाखवा.

फोटोच्या कडेला पांढरट कोर आली की नवशिके फ्लॅश वाढवतात. तसं करू नका, जॉयस्टिक जराशी मागेपुढे करा. पापण्या मिटून उघडायला सांगा. अश्रूंचा थर सुकला तरी फोटो पुसट येतो. 'हिरव्या दिव्याकडे बघा' हे तेलुगूतही सांगता आलं तर पूर्व भागात निम्मी कटकट वाचते.

दोन्ही डोळ्यांत आणि पुढच्या पेशंटमध्येही ठिपका त्याच जागी दिसला तर ती लेन्सवरची धूळ. यंत्रमागाच्या भागात कापसाचे तंतू हमखास बसतात. आधी रबरी ब्लोअरने उडवा, मग लेन्स पेपरने मध्यापासून कडेकडे गोल फिरवत पुसा. शर्टाच्या टोकाने पुसणाऱ्याच्या हाती कॅमेरा देऊच नये.